उघड्या टपाची जुनी ब्रिटिश गाडी विकताना: आरसी बुकापासून ताबापावतीपर्यंत

आमच्या सांगलीच्या घरात तीन पिढ्या वापरात असलेली १९५१ सालची एमजी टीडी आम्ही गेल्या वर्षी विकली. विकायचे ठरल्यापासून गाडी दारातून जाईपर्यंत सात महिने लागले. त्यांतले जवळपास पाच महिने गिऱ्हाईक शोधण्यात गेले नाहीत, तर कागद जुळवण्यात आणि गाडीची खरी अवस्था आपली आपल्याला समजून घेण्यात गेले. अशी गाडी माणूस आयुष्यात एकदाच विकतो, त्यामुळे शहाणपण येईपर्यंत व्यवहार उरकलेला असतो. ज्यांच्या वाड्याच्या पडवीत किंवा बंगल्याच्या गॅरेजमध्ये एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली यांसारखी एखादी उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी आहे आणि जी आता दुसऱ्याच्या हाती सोपवायची आहे, त्यांच्यासाठी हा क्रम सविस्तर लिहीत आहे. उदाहरणे टीडीची असली तरी कागदपत्रांचा आणि व्यवहाराचा भाग सर्वांना सारखाच लागू आहे.

हे लिखाण वापरलेल्या गाडीविषयी आहे. प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या, काचेसारख्या चकाकणाऱ्या गाड्यांचा बाजार वेगळा असतो. आमची गाडी दर रविवारी हरिपूरच्या संगमापर्यंत आणि वर्षातून दोनदा औदुंबर किंवा नरसोबाच्या वाडीला जात असे. तिच्या आसनांना भेगा होत्या, रंग उन्हाने विटला होता आणि मडगार्डवर दोन जुने पोचे होते. अशी गाडी वापरलेली म्हणूनच विकावी असे माझे ठाम मत आहे. विक्रीपूर्वी रंग काढून ती नवी भासवण्याचा खटाटोप केला, तर जाणकार गिऱ्हाईक रंगाखाली काय दडवले आहे याचाच विचार करू लागतो आणि रंगाचा खर्च भावात कधीच निघत नाही.

पहिली पायरी: गाडी कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न बावळटपणाचा वाटेल, पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत निम्मे व्यवहार येथेच अडतात. आमचे आरसी बुक आजोबांच्या नावावर होते, आजोबांना जाऊन बारा वर्षे झाली होती आणि त्या काळात विमा, पीयूसी सगळे त्यांच्याच नावाने चालू होते. नोंदणीकृत मालकाच्या मृत्यूची माहिती वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायची असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. आमच्याप्रमाणे ती मुदत उलटून गेली असेल, तर दंड भरून आधी हे काम पूर्ण करावे. मृत व्यक्तीच्या नावावरची गाडी परस्पर विकण्याचा सल्ला देणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांचे संमतिपत्र एवढे कागद लागतात. दोन्ही काकांनी त्याच दिवशी सह्या केल्या, बेळगावच्या आत्याने मात्र "दादांची गाडी विकायचीच कशाला?" म्हणून तीन आठवडे सही दिली नाही. घरातल्यांशी बोलणे जाहिरातीपूर्वी संपवावे, इसार घेतल्यानंतर नव्हे.

दुसरी गोष्ट नोंदणीच्या मुदतीची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, पर्यावरण कर भरून आणि गाडी प्रत्यक्ष दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरील गाड्यांचे नूतनीकरण शुल्क वाढवले. साध्या चारचाकीसाठी ते १०,००० रुपये झाले, तर आयात केलेल्या चारचाकीसाठी तब्बल ८०,००० रुपये. आपली गाडी इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनहून, म्हणजे एमजीच्या कारखान्यातून, बोटीने आलेली असल्यामुळे ती दुसऱ्या वर्गात मोडते. नूतनीकरण जवळ आले असेल, तर हा खर्च कोणी सोसायचा हे भाव ठरवतानाच बोलून घ्यावे.

याला पर्याय आहे तो व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. पुढची पाच वर्षांची फेरनोंदणी ५,००० रुपयांत होते. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला 'व्हीए' अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, तर आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो, आणि जुन्या तीन अक्षरी क्रमांकावर जीव असलेल्यांना ही मोठीच सोय आहे. मात्र दोन अटी विसरता कामा नयेत. चेसिस (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला असेल तर ही नोंदणी मिळत नाही. आणि मिळाल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही, केवळ प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठीच आणता येते. ज्याला दर रविवारी पन्हाळ्याला जायचे आहे त्याच्यासाठी ही नोंदणी म्हणजे पायात बेडीच आहे. म्हणून नूतनीकरणाची मुदत शिल्लक असेल, तर विक्रेत्याने हा निर्णय स्वतः न घेता तो खरेदीदारावर सोडावा असे मला वाटते.

शिवाय, हाताने लिहिलेल्या जुन्या आरसी बुकाची नोंद 'वाहन' या संगणक प्रणालीत आहे की नाही हे पाहावे. नसेल तर आरटीओत तिची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या बुकावरून संगणकात नोंद, करून घ्यावी लागते. त्याशिवाय हस्तांतरणाचा अर्जच पुढे सरकत नाही. एमएच-१० च्या कार्यालयात आमचे हे काम दोन फेऱ्यांत झाले, कारण मूळ बुक आणि कर भरल्याच्या जुन्या पावत्या आजोबांनी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.

दुसरी पायरी: क्रमांक जुळतात का?

गाडीची ओळख तिच्या रंगात नसते, क्रमांकात असते. टीडीचा चेसिस क्रमांक इंजिनमागच्या पत्र्यावरील पाटीवर आणि चेसिसच्या डाव्या बाजूच्या पुढच्या टोकावर ठोकलेला असतो. इंजिनचा क्रमांक अष्टकोनी पितळी पाटीवर 'एक्सपीएजी' या अक्षरांनी सुरू होतो. पाटी कोणीही बदलू शकतो, म्हणून लोखंडावर ठोकलेला क्रमांक शोधणे महत्त्वाचे. आमच्या चेसिसवर सत्तर वर्षांचे ग्रीस आणि तीन थर रंग होता. रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन बसल्यावर अर्ध्या तासाने 'टीडी' ही अक्षरे दिसली. तेथे पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चुकूनही लावू नये. आकडे घासले गेले तर पासिंगच्या वेळी साहेब संशयाने पाहतात, आणि ते योग्यच आहे. नंतर कागद ठेवून पेन्सिलीने प्रिंट घ्यावा आणि आरसीशी आकडा-आकडा ताडून पाहावा. जुन्या कारकुनांनी शून्य आणि सहा यांची अदलाबदल केल्याची उदाहरणे कमी नाहीत. अशी चूक आढळली, तर ती गिऱ्हाइकाने शोधण्याआधी आपणच दुरुस्त करून घ्यावी.

जाता जाता एक गंमत: टीडीचे क्रमांक एकपासून नव्हे, तर ०२५१ पासून सुरू होतात, कारण अॅबिंग्डनच्या कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक २५१ होता. १९४९ ची अखेर ते १९५३ या काळात २९,६६४ टीडी बनल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. उजव्या हाताचे स्टीअरिंग असलेल्या गाड्या त्यामानाने थोड्या, आणि हे जाहिरातीत आवर्जून लिहावे. एमजी कार क्लबच्या टी-रजिस्टरशी, म्हणजे टीडीसारख्या टी-मालिकेच्या गाड्या पाहणाऱ्या विभागाशी, पत्रव्यवहार करून आपल्या चेसिस क्रमांकाची कारखान्यातील नोंद मिळवता आली तर उत्तमच.

इंजिनबाबत आपल्याकडे एक खास अडचण आहे. सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात अशा अनेक गाड्यांत अँबॅसिडरचे १४८९ सीसी इंजिन बसवले गेले. ते इंजिन वाईट नाही. ते ब्रिटनच्याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचे असून टीडीनंतर काही वर्षांनी आलेल्या एमजीए गाडीत त्याच घराण्यातले इंजिन होते. पण टीडीचे मूळ इंजिन १२५० सीसीचे आहे, आणि ते बदलले असेल तर आरसीवर तशी नोंद हवी. नोंद नसेल तर हस्तांतरण अडेल, व्हिंटेज नोंदणीही मिळणार नाही आणि भाव निश्चितपणे उतरेल. मूळ इंजिन कोपऱ्यात पोत्याखाली पडून असेल तर ते भंगारात न देता गाडीबरोबर द्यावे. खरेदीदाराच्या दृष्टीने त्या पोत्याची किंमत नव्या टायरांपेक्षा जास्त असते.

तिसरी पायरी: आपली गाडी परक्याच्या नजरेने तपासणे

हे काम दोन पूर्ण दिवसांचे आहे आणि ते वही-पेन्सिल घेऊन करावे. टीडीची चेसिस पोलादाची असली तरी बॉडीचा सांगाडा ॲश जातीच्या लाकडाचा आहे, आणि पत्रा त्यावर ठोकलेला आहे. त्यामुळे बाहेरून ठणठणीत दिसणारी गाडी आतून भुसभुशीत असू शकते. तपासण्याची सोपी खूण दारात आहे. टीडीची दारे मागच्या बाजूने बिजागरीवर असतात. दार उघडून त्याचे मोकळे टोक हलकेच वर उचलावे. दाराबरोबर संपूर्ण खांब हलला, तर बिजागरीखालचे लाकूड गेले असे समजावे. मग गालिचा उचलून, तळाच्या लाकडावर बोथट स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबावा: चांगले लाकूड टणटण वाजते, कुजलेले लाकूड शब्द न करता आत जाते. आमच्या गाडीत डाव्या खांबाच्या तळाशी स्क्रू ड्रायव्हर पाऊण इंच आत गेला आणि त्या भोकातून चहाच्या चोथ्यासारखा ओलसर भुसा बाहेर आला. शेजारी वाळवीची वाळलेली मातीची नळीही होती.

त्याचे कारण आम्हाला ठाऊक होते. २००५ च्या पुरात गावभागातल्या आमच्या पडवीत पाणी शिरले होते आणि गाडी एक्सलपर्यंत पाण्यात दोन दिवस उभी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र शहाणे होऊन आम्ही ती पाणी चढण्याच्या आदल्या दिवशीच विश्रामबागला नेऊन ठेवली. सांगलीची गाडी म्हटली की पुण्या-मुंबईचा माणूस पहिला प्रश्न पुराचाच विचारतो. त्याचे उत्तर साल आणि पाण्याची उंची यांसह लेखी द्यावे. हात झटकून "नाही हो, आमच्याकडे पाणी येत नाही" असे सांगावे आणि त्याने आसनाखाली हात घालून कृष्णेचा गाळ बाहेर काढावा, यापरते लाजिरवाणे दुसरे काही नाही.

खांब आम्ही मिरजेच्या एका मिस्त्री चाचांकडून बदलून घेतला. तंतुवाद्यांच्या गावात लाकडाला हात असलेली माणसे अजून आहेत. चाचांनी जुन्या खांबाचा कुजका भाग मेणाने भरून आधी त्याचा पूर्ण आकार मिळवला आणि त्यावरून नवा खांब कोरला. लाकूड मात्र ॲशऐवजी जुने सागवान वापरले. ही गोष्ट मी दोषांच्या यादीत लिहिली आणि जुना खांब पिशवीत घालून गाडीबरोबर दिला.

इंजिनकडे पाहताना तेलाचा दाब आधी पाहावा. गाडी वीस मिनिटे चालवून तापल्यावर, चालत्या वेगात दाब दर चौरस इंचाला साधारण ४० ते ६० पौंडांच्या दरम्यान राहिला तर इंजिनाचा तळ बरा आहे. थंड इंजिनावरचा दाब सगळ्यांचाच चांगला असतो, त्यावर जाऊ नये. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून आकडे लिहून ठेवावेत. चारांत फार तफावत नसणे हे मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. उभ्या गाडीखाली मागच्या बाजूला तेलाचे थेंब पडत असतील तर घाबरू नये आणि लपवूही नये. या इंजिनाच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी सील नसून तेल परत फिरवणारा आटा असतो, म्हणून थोडे ठिबकणे हा त्याचा स्वभाव आहे. पेट्रोलच्या बाबतीत मात्र आजच्या इथेनॉलमिश्रित इंधनाने जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि चिरतात. त्या बदलल्या असतील तर बिल जपून ठेवावे, नसतील तर विक्रीपूर्वी बदलून टाकाव्यात. हा आगीचा प्रश्न आहे, सौंदर्याचा नव्हे.

वायरिंगबद्दल एकच सूचना, पण ती ठळक अक्षरांत बॅटरीजवळ चिकटवून ठेवावी: या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. आमची गाडी एकदा बाहेर बंद पडली असताना मदतीला आलेल्या एका बॅटरीवाल्याने सवयीने तारा उलट्या जोडल्या. ॲमीटरचा काटा उलट्या दिशेने फिरू लागला आणि नंतर बसवलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर जळाला. पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने हेच केले तर नुकसान कोणाचे, हा वाद घालण्यापेक्षा चिठ्ठी स्वस्त पडते. त्याचप्रमाणे इंजिनाचे नट-बोल्टही विचित्र आहेत: आटे मेट्रिक मापाचे, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची. साधा पाना लावून डोकी गोल केलेली गाडी पाहिली की पूर्वीचे मेकॅनिक कोण होते हे जाणकाराला न सांगता कळते.

चौथी पायरी: काय दुरुस्त करावे आणि काय तसेच ठेवावे

जे सुरक्षिततेचे आहे ते करावे, जे दिसण्याचे आहे ते सोडावे. ब्रेकचे सिलिंडर आणि नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, दिवे, हॉर्न आणि चार्जिंग ही कामे करून घ्यावीत. टायरच्या कडेवरील चार आकड्यांतून कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली टायर बनला हे कळते. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपूर्वीचा टायर हा टायर नव्हे, तो मुलांच्या झोपाळ्याला द्यावा. नवे टायर आपण घ्यावेत की भावात तेवढी सूट द्यावी, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. हुडाचे, म्हणजे घडीच्या टपाचे, कापड, आसनांचे चामडे, क्रोम आणि रंग यांना हात लावू नये, कारण नव्या मालकाची आवड वेगळी असते आणि मूळ चामड्याची भेगाळलेली आसने नव्या रेक्झिनपेक्षा कितीतरी मोलाची असतात. गाडी फक्त स्वच्छ धुवावी, तीही हाताने आणि कमी पाण्याने. सर्व्हिस सेंटरमधला दाबाचा फवारा लाकडी सांगाड्याच्या गाडीवर कधीही मारू नये.

पाचवी पायरी: भाव

जुन्या गाडीला ठरलेला दर नसतो. इंटरनेटवर दिसणारे आकडे हे मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत, आणि परदेशातले लिलाव पाहून तर आपला भाव मुळीच काढू नये. माझ्या मते योग्य पद्धत उलटीकडून सुरू होते: त्याच मॉडेलची चालू आणि कागदोपत्री स्वच्छ गाडी देशात अलीकडे प्रत्यक्ष कितीला गेली हे दोन-तीन मालकांकडून किंवा मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबसारख्या संस्थेतील जाणकारांकडून समजून घ्यावे, त्यातून आपल्या दोषांच्या यादीतील प्रत्येक कामाचा खर्च वजा करावा आणि कागद पूर्ण असतील तर ती वजाबाकी थोडी सैल धरावी. मूळ इंजिन, उजवे स्टीअरिंग, बाजूचे पडदे, जॅक आणि हत्यारांची पिशवी यांनी भाव चढतो. आजोबांनी गाडी कोणाकडून घेतली आणि तीत कोण बसले याच्या गोष्टींनी, त्यांचा छायाचित्राचा किंवा कागदाचा पुरावा नसेल तर, भाव चढत नाही. त्या गोष्टी चहाबरोबर सांगाव्यात.

सहावी पायरी: छायाचित्रे आणि जाहिरात

पावसाळा संपून रस्ते कोरडे झाले की जाहिरात द्यावी. दिवाळी ते फाल्गुन हा या गाड्यांचा हंगाम. सकाळी आठच्या आत, कोवळ्या उन्हात, मोकळ्या जागेत गाडी उभी करून हूड चढवलेला आणि उतरवलेला अशा दोन्ही अवस्थांत सर्व बाजूंनी फोटो काढावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोषांचे फोटो: पोचे, गंज, भेगा, गाडीचा तळ आणि दुरुस्त केलेले लाकूड. चेसिस क्रमांकाचा फोटो काढावा, पण जाहिरातीत शेवटचे आकडे झाकावेत; पूर्ण क्रमांक खऱ्या गिऱ्हाइकाला समक्ष दाखवावा. आमची जाहिरात अशी होती:

"एमजी टीडी, १९५१. उजवे स्टीअरिंग, मूळ १२५० सीसी इंजिन, क्रमांक आरसीशी जुळतात. एकाच घराण्यात तीन पिढ्या, नियमित वापरात. नोंदणी, विमा व पीयूसी चालू. २००५ साली एक्सलपर्यंत पुराचे पाणी. डावा दारखांब सागवानी लाकडात नवा. रंग जुना, आसने मूळ व भेगाळलेली, मीटर मैलांचा असून प्रत्यक्ष अंतर सांगता येत नाही. गाडी सांगलीत पाहता येईल. वरातीसाठी भाड्याने मिळणार नाही."

शेवटचे वाक्य विनोदाने लिहिलेले नाही. पहिल्या आठवड्यातल्या फोनांपैकी निम्मे वरातीसाठीच होते, आणि उरलेल्यांपैकी काहींनी "एमजी म्हणजे ती हेक्टरवाली ना?" असे विचारले.

सातवी पायरी: गिऱ्हाईक आणि चाचणी

फोनवर "गाडी पाहायची गरज नाही, पैसे आत्ताच पाठवतो" असे म्हणणारा आणि त्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा माणूस ठग असतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. खरे गिऱ्हाईक तपशील विचारते, वेळ ठरवून येते आणि गाडीखाली झोपायला जुने कपडे घेऊन येते.

ते येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवू नये. बॉनेटला हात लावून ते गार आहे हे त्यालाच पाहू द्यावे आणि चोक ओढून त्याच्यासमोर गाडी सुरू करावी. पहिली फेरी आपण चालवावी. टीडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दात अडकण्याआधी वेग जुळवणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकला तर कर्कश आवाज होतो. हे नवख्याला आधीच सांगावे. चालवायला देण्याआधी त्याचा परवाना पाहून त्याचा फोटो घ्यावा, आपण शेजारी बसावे आणि माधवनगर रस्त्यावर आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नये. मूळ आरसी बुक कोणाच्याही हातात, "फक्त झेरॉक्स काढून आणतो" म्हटले तरी, देऊ नये.

आठवी पायरी: इसार, पैसे आणि कर

भाव ठरला की इसारपावती करावी. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्पपेपर लागतो. त्यावर गाडीचे क्रमांक, ठरलेली एकूण रक्कम, घेतलेला इसार, उरलेली रक्कम देण्याची तारीख, व्यवहार मोडल्यास इसाराचे काय होणार, आणि हस्तांतरणाचा खर्च कोणाचा, एवढे स्पष्ट लिहावे. दोषांची यादी त्याच कागदाला जोडून तिच्या प्रत्येक पानावर दोघांनी सह्या कराव्यात. "गाडी जशी आहे तशी" हे शब्द सगळेच लिहितात. पण गाडी कशी आहे हे यादीत लिहिलेले असेल तरच त्या शब्दांना अर्थ राहतो.

एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. "थोडे चेकने, बाकी रोख" हा प्रस्ताव आम्हालाही आला. त्या गृहस्थांना चहा देऊन निरोप दिला. रक्कम आरटीजीएसने घ्यावी आणि मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटवर विश्वास न ठेवता आपल्या बँकेत जमा झाल्याची खात्री करावी.

वैयक्तिक वापरातील मोटारगाडी भांडवली मालमत्तेत धरली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीच्या नफ्यावर सहसा कर लागत नाही. मात्र वापर सिद्ध करता आला पाहिजे. १९३१ सालच्या एका फोर्ड टूररच्या विक्रीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि गाडी वैयक्तिक वापरात होती याचा पुरावा नसल्याने विक्रेत्याला ही सूट मिळाली नाही. वर्षानुवर्षांच्या विम्याच्या पावत्या, पीयूसी, टायरची आणि मेकॅनिकची बिले येथे कामाला येतात. गुळगुळीत झालेल्या आसनांचा आणखी एक फायदा, दुसरे काय! तरी रक्कम मोठी असल्यास आपल्या सीएंना आधी विचारावे.

नववी पायरी: हस्तांतरण आणि ताबा

फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, म्हणजे आपल्याकडे ज्याला टीटी फॉर्म म्हणतात ते, पूर्ण भरूनच सही करावी. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही देणे म्हणजे कोरा चेक देणेच होय. राज्यातल्या राज्यात विक्रीची माहिती विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत आरटीओला द्यायची असते. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीसाठी दोघांनाही नव्वद दिवसांची मुदत आहे. खरेदीदार परराज्यातला, म्हणजे आपल्या भागात बहुधा बेळगावकडचा, असेल तर फॉर्म २८ भरून आरटीओकडून एनओसी (ना हरकत दाखला) घ्यावी लागते. गाडीवर कधी काळी कर्ज असेल, तर बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आधी लावावा, मग ती बँक आज अस्तित्वात असो वा नसो.

हे काम खरेदीदारावर सोडून निर्धास्त राहू नये. अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, किलोमीटर किंवा मैलांचा आकडा लिहावा आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची स्वाक्षरित प्रत घ्यावी. विमा आपल्या नावावरून त्याच्या नावावर करण्याचा अर्ज त्याने चौदा दिवसांत करायचा असतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून आपला असतो, त्याचे पत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावे.

गाडी लांब जायची असेल तर ती चालवत पाठवू नये. आमची पुण्याला ट्रेलरवरून गेली. पट्टे बांधताना ते एक्सलला आणि चेसिसला बांधावेत. ट्रेलरवाल्याने सवयीने बंपरच्या कंसाला पट्टा अडकवला होता, तो सोडून पुन्हा बांधायला लावला. हूड उतरवून, गुंडाळून, वर ताडपत्री न टाकता गाडी नेली तरी चालते, पण सैल ताडपत्री टाकून मात्र नेऊ नये, कारण वाऱ्याने फडफडून ती पाच तासांत रंग खरवडून काढते.

गाडीबरोबर काय काय दिले याचीही यादी करावी. आमच्या यादीत दोन किल्ल्या, बाजूचे चार पडदे, व्हिटवर्थ पान्यांचा संच, जुना खांब, बिलांची फाइल आणि एक लाकडी पट्टी होती. टीडीला पेट्रोलचा काटा नसतो, पेट्रोल कमी झाले की केवळ एक हिरवा दिवा लागतो. म्हणून आजोबांनी पट्टीवर ब्लेडने खाचा पाडून प्रत्येक खाचेपुढे शाईने गॅलन लिहिले होते. खरेदीदाराने ती पट्टी टाकीत बुडवून पाहिली, ओल तिसऱ्या खाचेपर्यंत आली, आणि ताबापावतीवर "पेट्रोल: तीन गॅलन" असे लिहून आम्ही दोघांनी सही केली. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर मालक म्हणून त्यांचे नाव बाविसाव्या दिवशी दिसले.